रिकाम्या जागेवरचा झोत

माझ्या पुढ्यातल्या पोरानं फोन खाली घेतला तेव्हा मला वाटलं, बॅटरी संपली असणार. मग त्याच्या शेजारणीनं घेतला. मग तिच्या पुढच्या उंच मुलानं, ज्याच्या कोपराआडून मी तासभर मान वाकडी करकरून स्टेज बघत होते. बघता बघता आमच्या आसपासचे सगळे हात उतरले आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा मला समोरचं स्वच्छ दिसलं. धूर, दिव्यांचे खांब, दोन गिटारवाले आणि मधोमध आमच्याकडे पाठ करून उभा राहिलेला गायक. त्याचा मुखवटा सुटला होता. कुणी सूचना दिली नव्हती, माइकवरून कुणी विनंती केली नव्हती. ज्या क्षणी कुणीही फोन वर करील, नेमका त्याच क्षणी या पोरांनी तो खाली केला. आणि मी, त्या गर्दीतल्या मोजक्या पिकल्या केसांपैकी एक, टाचा उंचावून बघत होते की आतून निघतंय तरी कोण.

हे डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले.

तसं माझं आणि या संगीताचं काही नातं नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे. वर्गातली दोन-तीन मुलं केस वाढवून तिकडे जायची आणि दुसऱ्या दिवशी बसलेल्या आवाजात हजेरी द्यायची. मी तेव्हा ठाण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचा कपडेपट सांभाळायची. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा, कुणाच्या तरी वाढदिवसाला केलेले प्रयोग; इस्त्री, सेफ्टी पिना, उसवलेल्या शिवणी आणि ऐनवेळी सापडत नसलेला राजाचा शेला. गडकरी रंगायतनच्या विंगेत उभं राहून मी जेवढी नाटकं पाहिली तेवढी समोर बसून पाहिली नसतील. काही नाटकं तर मला आजही डाव्या बाजूनंच आठवतात. पुढे नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि ते सगळं आपोआप सुटलं. या कार्यक्रमाचं तिकीट माझ्यापर्यंत आलं ते ऋचाच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, मैत्रिणीला ऐनवेळी ताप आला म्हणून. ‘मावशी, फुकट जाईल गं तिकीट. तुला नाटक आवडतं ना? हे नाटकच आहे, फक्त आवाज जास्त.’ बँडचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. नाव दिलं की तुम्ही ते शोधायला जाल, आणि मला सांगायचंय ते काहीएक माहीत नसताना तिथे उभं राहण्याबद्दल. युरोपातले आहेत, पाच जण आहेत, मुखवटे घालतात. घरातून निघताना मलाही एवढंच ठाऊक होतं. ‘निदान चार गाणी ऐकून ये’ म्हणून ऋचानं यादी पाठवली होती. मी ती उघडली नाही. अभ्यास करून करमणुकीला जायचं मला जमत नाही.

ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली. रविवारची संध्याकाळ, लेडीज डबा, चक्क बसायला जागा. ऐरोलीला काळ्या टीशर्टातल्या तिघी चढल्या आणि दारात न रेंगाळता सरळ समोरासमोरच्या बाकांवर जाऊन बसल्या. एकीनं पिशवीतून आरसा, काजळपेन्सिल, पांढऱ्या रंगाची डबी आणि कापसाचे बोळे काढले आणि दुसरीची हनुवटी धरली. त्यानंतर मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडी धावत असताना पांढरा रंग थापायचा, कारण तो इकडेतिकडे लागला तरी पुसता येतो. काळी रेघ मात्र गाडी उभी असतानाच. रबाळेला उजव्या डोळ्याखालची रेघ ओढली गेली. गाडीनं हिसका दिला तसा पेन्सिलीचा हात वर, हवेत. घणसोलीला डावी. मधल्या वेळात जिचं तोंड रंगत होतं ती डोळे मिटून, श्वास धरल्यासारखी बसलेली, आणि तिसरी आरसा धरून उगाच सूचना देणारी. घणसोलीला ऋचा चढली. तिनं मला हात केला आणि त्या तिघींकडे पाहून ओळखीचं हसली. ओळख नव्हती, पण टीशर्ट एक होता.

समोर एक बाई बसल्या होत्या. साखरपुड्याहून परतत असाव्यात. गजरा सुकत आलेला, मांडीवर आहेराची पिशवी. त्यांना राहवलं नाही.

‘नाटकात काम आहे का गं?’

‘नाही काकू, कॉन्सर्टला चाललोय.’

‘मग तोंडं तुम्ही कशाला रंगवताय? रंगवतील की ते.’

‘ते तोंड दाखवत नाहीत ना काकू. मग आम्हीपण नाही.’

हे उत्तर मला काही झेपलं नाही, बाईंना मात्र पटलं असावं. कारण तुर्भे गेल्यावर त्याच पुढे वाकल्या आणि ‘थांब, हलू नकोस, कानाकडे ओघळलंय’ म्हणत पदराच्या टोकानं त्या पोरीच्या कानामागचा रंग टिपून काढला. पदर पांढरा झाला. त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खोचून टाकला. नेरूळला आम्ही सगळ्या उतरलो तेव्हा मागून आवाज आला, ‘उशीर करू नका गं घरी जायला.’ तीन कवट्यांनी वळून ‘हो काकू’ म्हटलं.

नेरूळकरांना आता असल्या गर्दीचं अप्रूप राहिलेलं नाही. २०१९ च्या डिसेंबरात यू टू तिथल्या स्टेडियममध्ये येऊन गेले, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेनं तीन रात्री गाजवल्या आणि तेव्हा अख्ख्या नवी मुंबईला रस्ते सांभाळत बसावं लागलं. आमचा कार्यक्रम त्यापुढे अगदीच लहान, पाम बीच रस्त्याच्या अलीकडच्या एका मोकळ्या मैदानावर. फाटकात पाण्याची बाटली काढून घेतली, माझी बडीशेपेची डबी मात्र उघडून, हुंगून, सन्मानानं परत केली. आत खाडीवरून येणारा तो ओलसर, चिखलाचा वास आणि त्यावर तळलेल्या बटाट्याचा. लांबच्या टेबलावर त्या मुखवट्याच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती विकायला मांडल्या होत्या आणि किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. याच पट्ट्यातल्या पाणथळींवर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात; साउंडचेकचा पहिला ढोल वाजला तेव्हा माझ्या मनात आधी त्यांचाच विचार आला, खोटं कशाला बोलू.

सुरुवात घंटेनं झाली. मोठी, देवळातल्यासारखी, पण खर्जातली. मी सवयीनं मोजायला लागले: पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीला पडदा उघडला नाही. घंटा वाजतच राहिली आणि मी मोजणं सोडून दिलं. मग अंधार झाला, आणि त्या अंधाराला मी मनोमन दाद दिली, कारण उघड्या मैदानावर, आजूबाजूला टॉवरांच्या खिडक्या पेटलेल्या असताना, डोळ्यांना अंधार झालासा वाटायला लावणं सोपं नाही. आधी सगळे दिवे प्रेक्षकांच्या डोळ्यांत सोडले आणि मग एकदम तोडले. जुनी युक्ती आहे, आम्हीही करायचो, आमच्याकडे दिवे सहा होते इतकंच. धूरसुद्धा काय तो. आमच्या वेळी विंगेत धुपाटण्यात ऊद घालून पुठ्ठ्यानं वारा घालायचे, आणि नायिका प्रेमाच्या वाक्याला खोकायची. इथे यंत्रातून येणारा धूर इतका पातळ की तो दिसतच नव्हता, दिसत होते ते फक्त त्यातून जाणारे झोत. ऋचा माझ्या कानात ओरडून कथा सांगत होती. बुडालेलं एक गाव, त्याचा पुजारी, त्याला आपलं नाव आठवत नाही, प्रत्येक गाण्यात त्याला एकेक वस्तू सापडते. मला अर्धं ऐकू आलं. बास नावाचा प्रकार कानांनी ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांत येऊन बसतो.

मी मात्र दुसरंच बघत होते. काळ्या कपड्यांतली माणसं, जी तुम्ही बघायची नसतात. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी गायक जिन्याच्या पायथ्याशी कोसळला आणि पापणी लवते न लवते तोच तीस फूट उंचीच्या मनोऱ्यावर उभा दिसला. पोरांनी आकाश डोक्यावर घेतलं. वरचा माणूस दुसरा होता. झगा तोच, मुखवटा तोच, उंचीही जवळपास तीच, पण त्याचा उजवा पाय चालताना किंचित बाहेर पडत होता. कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाची नजर चेहऱ्यावर नसते, घोट्यावर असते. झग्याची किनार कुठे अडकेल हीच काळजी. मी ऋचाला हे सांगायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

गाण्यांचं काय, असं विचाराल तर तिथे माझी पंचाईत होती. भोवतीच्या सगळ्यांना प्रत्येक ओळ पाठ. गिटारचे पहिले दोन सूर वाजले की आनंदानं किंचाळायचे, म्हणजे आता काय येणार हे त्यांना आधीच कळलेलं असायचं. मला काहीच कळत नव्हतं. आठवणीशिवाय ऐकलेलं गाणं नुसतं गाणं असतं, आणि इतक्या मोठ्या आवाजात नुसतं गाणं सोसवत नाही. माझ्या डावीकडची एक मुलगी एका संथ गाण्याला रडायला लागली. हुंदके देऊन नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि रंगाचे दोन काळे पाट हनुवटीपर्यंत आले होते. त्या गाण्याशी तिचं काय होतं कोण जाणे. तिचं काही तरी चाललं होतं, माझं काही चाललं नव्हतं, आणि आम्हा दोघींचे खांदे एकमेकींना लागलेले. मला तिचा हेवा वाटला, हे एक. आणि दुसरं म्हणजे पाय दुखत होते.

मला धरून ठेवलं ते सोंगानं. ते मला ओळखीचं होतं.

माझं आजोळ कुडाळजवळचं. जत्रेला रात्री दशावतारी नाटक, आमच्याकडे त्याला धयकालो म्हणतात. देवळाच्या बाजूच्या पडवीत नट ओळीनं बसायचे, प्रत्येकजण आपापल्या ट्रंकेसमोर, आपापलं तोंड आपणच रंगवत. आडोसा असा काही नाही. गावातली पोरं समोर उकिडवी बसून सगळं बघायची. एका वर्षी राक्षसाचं काम करणाऱ्या नटानं मला आरसा धरायला दिला. सकाळी कुणाच्या तरी शेतात काम करून आलेला, नखांत माती असलेला माणूस. त्यानं आधी सफेदा लावला, मग लाल, मग काजळानं भुवया कपाळापर्यंत नेल्या. माझा हात अवघडून थरथरायला लागला तसा म्हणाला, ‘आरसो हलव नको गो, मिशी वाकडी जातली.’ मी श्वास धरून बसले. मिशी सरळ आली. त्यानं आरशात स्वतःला पाहिलं, विडीचा एक झुरका घेतला आणि मुकुट चढवला. यातलं एकही पाऊल माझ्यापासून लपलेलं नव्हतं. आणि मध्यरात्रीनंतर पखवाज वाढला, मशालीवर राळेची पूड पडली, भडक्याच्या उजेडात तोच माणूस तलवार नाचवत धावत आला, तेव्हा मी आजीच्या मांडीत तोंड खुपसून बोंब ठोकली. ‘अगो, मगाचोच तो मा, ज्येचो आरसो धरलंस!’ आजी हसत होती. मला माहीत होतं की तो मगाचाच आहे. त्यानं काही फरक पडत नव्हता.

ही राळ, हा आरडाओरडा आपल्याकडे मुळापासून आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव दिलंय त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तेव्हाच्या त्या खेळांत राक्षस असाच राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकत यायचा. पुढे सुशिक्षित मंडळींनी त्याला नाकं मुरडली आणि ‘अललडुर्र’ नाटकं म्हणून हिणवलं. नेरूळच्या मैदानावर ढोलाच्या ठोक्याला स्टेजच्या दोन्ही कडांनी ज्वाळा उसळल्या आणि तिथून इतक्या लांब आमच्या गालांना धग लागली, तेव्हा मला हा एकच शब्द आठवला. अललडुर्र. ऋचाला सांगितला. तिला वाटलं मी गाण्याचे शब्द चुकीचे म्हणतेय.

आणि मग ते घडलं. मुखवटा मानेमागे कसा बांधलाय हे मी मधूनमधून बघत होतेच. एका अंगाची पट्टी सैल झालेली मला गाण्याच्या मध्यावर दिसली. मान झटकली की मुखवट्याची खालची कड अर्ध्या क्षणानं मागून हलत होती. माझा हात आपोआप पदराकडे गेला, पिन शोधायला. मी पंजाबी ड्रेसात होते. पुढच्या झटक्याला पट्टी सुटली. त्यानं डावा हात तोंडावर दाबला, गाणं तोडलं आणि गर्रकन पाठ फिरवून स्टेजच्या मागच्या अंगाला, ढोलाच्या चौथऱ्याशी गेला. दोन्ही गिटारवाले वाजवता वाजवता एकमेकांजवळ सरकले, त्याला आड करायला. विंगेतून काळ्या कपड्यातला एक मुलगा वाकून धावत आला, तोंडात पेन्सिलीएवढी बॅटरी धरलेली, आणि गायकाच्या मानेशी काही तरी बांधायला लागला. वाद्यं चालूच. आणि दिवे? दिव्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या स्पर्धेच्या काळातला एक प्रकाशयोजनेवाला मित्र आता असलीच कामं घेतो, त्यानं नंतर मला समजावून सांगितलं. ढोलवाल्याच्या कानात ठेक्याची टिकटिक चालू असते आणि त्याच घड्याळावर दिवे, मागचा पडदा, ज्वाळा, सगळं आधी बसवून ठेवलेलं असतं. गाणं सुरू झालं की ते आपलं आपण चालतं. त्यामुळे जिथे गायकानं गुडघे टेकून शेवटचं कडवं म्हणायचं होतं, तिथे, स्टेजच्या ऐन मध्यावर, ठरल्या वेळी वरून लाल झोत पडला. खाली कुणी नव्हतं. नुसती फळी, तिच्यावरच्या खुणेच्या दोन चिकटपट्ट्या आणि आडवा पडलेला माइकचा स्टँड. तेवढ्यात ते फोन खाली आले. आणि त्या कडव्याची पहिली ओळ कुणी तरी मागून उचलली, मग सगळ्यांनी. स्टेजवरून आवाज नाही, मैदानातून येतोय. पोरं त्या रिकाम्या लाल वर्तुळाकडे बघून गात होती.

सगळ्यांनी फोन खाली केले असं नाही म्हणणार. लांब डावीकडे काही पडदे चमकत होते, आणि त्यांच्या आसपासचे लोक त्यांना काही तरी बोलत होते. पण माझ्या भोवतालच्यांनी केले. कडवं संपता संपता गायक वळला. मुखवटा जागेवर. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली, आणि त्या वेळी जो गलका झाला त्यात मीही होते, शब्दांशिवाय.

विंगेत असं सुटणं-तुटणं मी खूप पाहिलंय. एका प्रयोगात आमच्या संभाजीची दाढी ऐन दरबारात एका बाजूनं सुटली होती आणि हसून हसून पुढच्या खुर्च्यांनी नाटक पाडलं. प्रेक्षक असाच असतो, असं मी त्या दिवसापासून धरून चालले होते. सोंग सांभाळायचं ते आतल्यांनी, बाहेरचा टपूनच बसलेला असतो. दशावतारात ते सांभाळावं लागत नाही, कारण लपवलेलंच काही नसतं. इथे तिसरंच काही तरी दिसलं, आणि ते मला कुठे ठेवावं कळेना.

त्या रात्री आणि पुढच्या काही रात्री मी वाचत बसले. अमेरिकेतल्या किस या बँडनं सत्तरच्या दशकात अशीच तोंडं रंगवली आणि रंगाशिवायचा चेहरा कुठे छापून येऊ दिला नाही. रस्त्यात छायाचित्रकार दिसला तर तोंडावर रुमाल धरायचे. शेवटी १८ सप्टेंबर १९८३ ला एमटीव्हीवर उघड्या चेहऱ्यानं बसले. पुढे १९९६ मध्ये पुन्हा रंग लावून उभे राहिले, आणि लोकांनी पुन्हा गर्दी केली. त्याहून मला आवडला तो ॲलिस कूपरचा किस्सा. हा गायक स्टेजवर गिलोटिनखाली स्वतःची मान उडवून घ्यायचा. ते गिलोटिन बनवलं होतं जेम्स रँडी या जादूगारानं, आणि १९७३-७४ च्या दौऱ्यात जल्लादाचं कामही तोच करायचा. हाच रँडी पुढे आयुष्यभर बुवाबाजी आणि चमत्कारांचा भांडाफोड करत फिरला. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला यात काही विसंगत वाटू नये. युक्तीनं मान उडवणाऱ्याला युक्ती आणि लबाडी यांच्यातली रेघ इतरांपेक्षा नीट दिसत असणार.

दहाच्या आत सगळं आटपलं, उघड्यावर ध्वनिक्षेपकाला दहाची हद्द आहे म्हणून. परतीच्या गाडीत डबाभर अर्धवट पुसलेली तोंडं. कुणी खिडकीच्या काचेत बघून ओल्या टिश्यूनं कपाळ घासतंय, कुणी तसंच झोपलंय. मी ऋचाला विचारलं, ‘तो दिसतो कसा, हे कुणालाच माहीत नाही?’

‘माहितेय की. सगळ्यांना माहितेय. नाव, गाव, आधी कुठल्या बँडमध्ये होता, सगळं कधीचंच बाहेर आलंय.’

‘तुलाही?’

‘हो.’

‘काय नाव?’

‘मावशी, ते आपण घेत नाही.’

माझी आजी आजोबांचं नाव घेत नसे. दारावरच्या पाटीवर नाव, रेशनकार्डावर नाव, घरात येणाऱ्या प्रत्येक पत्रावर नाव. पण पोस्टमननं सहीसाठी विचारलं की ती मला पुढे करायची, आणि मी ठणठणीत आवाजात ते म्हटलं की ओशाळून पदर सारखा करायची. त्यात धाक किती आणि जपणूक किती, हे तेव्हा विचारायचं वय नव्हतं आणि नंतर आजी नव्हती. ऋचाच्या ‘आपण घेत नाही’मध्ये धाक मुळीच नव्हता. त्या ‘आपण’मध्ये तिनं मला धरलं होतं, याचं मात्र मला उगाच बरं वाटलं.

आणि तरी घरी आल्यावर, सगळे झोपल्यावर, मी ते नाव शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. टोपी घातलेला, डोळ्यांखाली काळं असलेला, एका कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलेला साधा माणूस. ठाणे स्टेशनवर दिसला तर मी दुसऱ्यांदा बघणार नाही. राक्षसाचा आरसा धरला होता तेव्हाची मजा मला हवी होती, ती आली नाही. तिथे त्यानं स्वतः मला बोलावून बसवलं होतं. इथे मी बोलावणं नसताना डोकावले होते. हे ऋचाला सांगितलेलं नाही. ती हे वाचेलच.

तिला जे सांगितलं ते गाण्यांबद्दल. तिची ती यादी शेवटी मी ऐकली, सकाळी भाजी निवडताना, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक गाणं फार चांगलं आहे, ते संथ, ती मुलगी रडली ते. त्यात मधे गिटार थांबते आणि नुसता आवाज राहतो, ती जागा मैदानावर मला कळलीच नव्हती. बाकीची घरात उभी राहत नाहीत. धूर नाही, झोत नाही, मनोऱ्यावरचा तो दुसरा माणूस नाही, की ढोल नुसता ढोल राहतो आणि शब्दांमध्ये फार समुद्र आणि फार राख आहे. मी तिला हे फोनवर सांगितलं, जरा मोठेपणानंच. म्हटलं, जे गाणं सोंगाशिवाय चालत नाही त्याला गाणं म्हणावं का, हा प्रश्न आहे.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मावशी, तू दशावतारातली पदं घरी लावून ऐकतेस?’

नाही ऐकत. कधीच ऐकली नाहीत. मला त्यातलं एक पद धड येत नाही, आणि येतं त्याचेही शब्द मी पेटीच्या आवाजावर बसवून ढकलते. मी म्हटलं, ‘भाजी करपतेय, ठेवते.’

‘मघाशी निवडत होतीस ना?’ ऋचा म्हणाली.